अमेरिकेत काय जेवतात?

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल, कारण आजचं बोलणं खाण्यावरच आहे.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मी एकदा विचारलं, “बायांनो, अमेरिकेतली माणसं रोज काय खातात?” उत्तरं पटापट आली. पिझ्झा. बर्गर. बाटलीतलं थंड. एक म्हणाली, “ती स्वयंपाकच करत नाहीत, सगळं खोक्यातून येतं.” दुसरी म्हणाली, “म्हणून तर अशी जाडजूड असतात.” सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. अमेरिका आमच्यापैकी एकीनंही पाहिलेली नाही, पण तिथलं ताट मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मी हा प्रश्न उगाच विचारला नव्हता. तालुक्याला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या गटानं तिथं काय विकायचं यावर वाद चालू होता. गटातून पाच हजारांचं अंतर्गत कर्ज घ्यायचं, म्हणजे पैसे आपलेच आणि बुडाले तरी आपलेच. तरण्या बाया म्हणत होत्या, अमेरिकन स्वीट कॉर्न आणि पिझ्झा ठेवू, पोरं तेच खातात. वयस्कर बाया म्हणत होत्या, हुलग्याचं माडगं आणि शेंगोळी ठेवू. त्यावर माझी पुतणी म्हणाली, “काकू, माडगं कोण विकत घेणार? ते आपण घरी सर्दी झाल्यावर पितो.” बैठक तशीच उठली.

त्यानंतर आठच दिवसांनी एका संस्थेकडून निरोप आला की, अमेरिकेची एक कॉलेजची मुलगी बचत गट बघायला येणार आहे, आठवडाभर तुमच्याकडे राहील. आमची धांदल उडाली. तिला खायला काय घालायचं? पुतणी म्हणाली, “पिझ्झाच करू. प्रदर्शनाची तालीमपण होईल.” तालुक्याच्या बेकरीतून पिझ्झ्याचे पाव आणले, चीज आणलं, लाल सॉस आणला, थंडाच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या. सातशे रुपये गेले. भट्टी नव्हती, म्हणून तव्यावर झाकण ठेवून भाजला. खालून करपला आणि वरून चीज तसंच राहिलं.

पोरगी मोठी गुणाची. दोन तुकडे हसत हसत खाल्ले, छान आहे म्हणाली, तिसरा घेतला नाही.

संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीवर भाकरी करत होत्या. शेजारी चवळीची उसळ रटरटत होती. ती मुलगी आत आली ती पाट ओढून चुलीपुढं बसलीच. उसळीकडं बोट दाखवून पुतणीशी भराभर बोलायला लागली. पुतणीनं आम्हाला सांगितलं, “काकू, ती म्हणते, ही चवळी आमच्याकडं पण करतात. तिची आजी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी आणि भात एकत्र शिजवते. वर्ष बरकतीचं जावं म्हणून.”

आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. अमेरिकेत चवळीभात! आणि तोही शकुनाचा!

ती मुलगी जॉर्जिया राज्यातली. अमेरिकेच्या दक्षिण भागात हे राज्य येतं. मग रोज संध्याकाळी चुलीपुढं तिच्या आजीचा स्वयंपाक निघायला लागला. आजी मक्याच्या पिठाचा पाव करते, तोही बिडाच्या तव्यात. मक्याच्या कण्या शिजवून सकाळी खातात. भेंडी खातात. कोबीच्या जातीची एक पालेभाजी तासन् तास शिजवतात. आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात. रस्त्याच्या कडेला मोठाल्या पातेल्यांतून त्या शेंगा विकायला असतात. आमच्या रानात तेव्हा भुईमूग नुकताच उपटला होता. आम्ही शेंगा उकडून तिच्यापुढं ठेवल्या. पिझ्झ्याला जे झालं नव्हतं ते शेंगांना झालं, पातेलं रिकामं झालं.

आता तिची बाजू ऐका. आली त्या दिवशी तिनं पुतणीला हळूच विचारलं होतं, “तुम्ही बटर चिकन आणि नान रोज खाता का?” तिच्या गावाजवळच्या हिंदुस्थानी हॉटेलात तेच मिळतं, म्हणून तिला वाटलं सगळा देश तेच खातो. आमच्या गटात निम्म्याजणी माळकरी! नान आमच्या घरात कधी झालाच नाही. म्हणजे आम्ही तिला पिझ्झ्यात बसवलं होतं आणि तिनं आम्हाला बटर चिकनमध्ये. फिटंफाट झाली.

ती गेल्यावर मी या विषयावर जमेल तसं वाचलं. तेव्हा कळलं की अशी चूक करणारे आपण एकटेच नाही. जर्मनी, इंग्लंडच्या मोठ्या दुकानांत ‘अमेरिकन’ खाण्याचं वेगळं फडताळ असतं. त्यात काय असतं? रंगीबेरंगी गोड पोहे दुधात घालून खायचे, शेंगदाण्याचं लोणी, मऊ गोड गोळ्या, मक्याच्या लाह्या आणि सॉसच्या बाटल्या. सिनेमात अमेरिकन पोरं लाल प्लॅस्टिकच्या पेल्यातून पितात, तर तिकडं ते लाल पेलेसुद्धा ‘अमेरिकन’ म्हणून विकले जातात.

इटलीत पिझ्झ्याचा एक प्रकार ‘अमेरिकन’ नावानं मिळतो. त्यावर बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि सॉसेज घातलेलं असतं. पिझ्झा मूळचा इटलीचाच, पण त्यावर असलं काही टाकलं की तो अमेरिकेचा झाला, असं त्यांचं मत. कडक कॉफीत गरम पाणी ओतून ती पातळ केली की तिला ‘अमेरिकानो’ म्हणतात. आपण पांचट चहाला नावं ठेवतो, तसाच तो प्रकार.

जपानची गंमत तर और आहे. तिथं ख्रिस्ती लोक फार थोडे. पण १९७४ साली एका अमेरिकन तळलेल्या कोंबडीच्या कंपनीनं जाहिरात केली की नाताळला आमची कोंबडी खा. आज तिथली कितीतरी कुटुंबं नाताळाला तीच कोंबडी खातात, आधीपासून नोंदणी करून ठेवतात. अमेरिकेत नाताळाला अशी काही रीत नाही.

आणि आपण? शहरातल्या चायनीजच्या गाडीवर ‘अमेरिकन चॉपसी’ मिळते. कुरकुरीत तळलेल्या शेवया, वर लालभडक आंबटगोड रस आणि त्यावर तळलेलं अंडं. चॉपसी हा प्रकार अमेरिकेत राहायला गेलेल्या चिनी लोकांनी तिथं रुळवला. तो फिरत फिरत आपल्याकडं आला आणि आपण त्याला आपल्या चवीचं करून टाकलं. बर्गरचंही तसंच. तिकडच्या बर्गरमध्ये गाईच्या मांसाची टिक्की असते. १९९६ साली त्यांचं प्रसिद्ध दुकान आपल्या देशात आलं ते गोमांस बाहेर ठेवूनच, आणि पुढं त्यांना बटाट्याची टिक्की घालावी लागली. म्हणजे आपल्या वडापावची चुलतबहीणच म्हणा.

बरं, ज्याला जग अमेरिकन म्हणतं ते तरी कुठलं? बर्गरचं मूळ नाव हॅम्बर्गर, ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून पडलं. पिझ्झा इटलीतून गेलेल्या गरीब लोकांनी नेला. पोटासाठी जी माणसं त्या देशात गेली, त्यांच्या घरचं खाणं ते.

मग त्या मातीचं खाणं कोणतं? गोरे लोक तिथं जाण्याच्या कितीतरी आधीपासून राहणारे जे मूळ रहिवासी, त्यांच्यातल्या इरोक्वॉय लोकांकडं शेतीची एक पद्धत आहे. मका, घेवडा आणि भोपळा एकाच ठिकाणी लावायचे. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढतो. घेवडा जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची रुंद पानं खाली पसरून ओल धरून ठेवतात आणि तण दाबतात. या तीन पिकांना ते लोक ‘तीन बहिणी’ म्हणतात. आपल्या आज्या बाजरीत तूर, मटकी, हुलगा टोकायच्या आणि बांधाला भोपळ्याचा वेल सोडायच्या, त्यातलीच ही समज. दोन्हीकडच्या बाया एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

नोव्हेंबर महिन्यातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत मोठा सण असतो, थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी घरोघर टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात. त्याच्यासोबत मका, रताळं आणि तांबड्या भोपळ्याचा गोड पदार्थ असतो. आपण भोपळ्याचे घारगे करतो, ते भोपळा भरून एक गोड कवच भाजतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मूळ रहिवाशांतले काहीजण मात्र तो दिवस दुखवट्याचा मानतात.

दक्षिणेतल्या ज्या चवळीभातावर आमची पाहुणी खूश झाली, त्याचीही एक कथा आहे. चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून तिकडं गेल्या. त्यांच्याबरोबर माणसं गेली, पण ती गुलाम करून, साखळदंड घालून नेलेली. भातशेतीचं ज्ञानही त्यांच्याचकडं होतं. त्यांच्या बायकांनी मालकाच्या चुलीवर आपल्या गावाकडची चव राखली. त्या भागात ‘गंबो’ नावाचं एक कालवण करतात, ते नाव आफ्रिकेतल्या भाषेत भेंडीला जो शब्द आहे त्यावरून आलं. हे सगळं अमेरिकेचंच जेवण आहे की! पण जगातल्या कुठल्या दुकानाच्या ‘अमेरिकन’ फडताळात उकडलेली शेंग आणि चवळीभात दिसतो?

आणि एक उलटी गंमत. मिरची, मका, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातली, बरीचशी मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. कोलंबस १४९२ साली तिकडं पोचला, त्यानंतर ती जगभर पसरली, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडं आली. तुमचा मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी, दोन्हींचं माहेर तिकडचं. पण त्यांना आपण परकं म्हणत नाही. चारशे-पाचशे वर्षं पाट्यावर वाटली की वस्तू आपली होते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे तिकडं येते.

पाहुणी जायच्या आदल्या रात्री आत्याबाई एकदम म्हणाल्या, “आगं, हिला एक इचार की. ती लाल मिलो तुमी खाता का म्हणावं, तुमच्या देशात?”

तरुण मैत्रिणींना मिलो माहीत नसेल. १९७२ चा दुष्काळ. आमच्या आत्याबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या, रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो. ती अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी लाल व्हायची, थापताना चिरायची, घशाखाली उतरायची नाही. तेव्हापासून त्यांच्यासाठी अमेरिकेचं खाणं म्हणजे मिलो. पिझ्झा नाही आणि बर्गरही नाही. आणि लोक तेव्हा आपसात म्हणायचे की तिकडं ही जनावरांना घालतात. त्याआधी परदेशी गहू यायचा, त्याच्याबरोबर गाजर गवत आलं असं आजही गावोगाव सांगतात.

पुतणीनं प्रश्न सांगितला. त्या मुलीला मिलो हे नाव कळलं नाही. मोबाइलवर शोधल्यावर कळलं. म्हणाली, “ज्वारी होय! आमच्याकडं ज्वारीच्या गोड धाटांचा रस आटवून काकवी करतात. आजी मक्याच्या पावावर घालून देते.” मग जरा थांबली आणि म्हणाली, “पण दाणे... ते आमच्याकडं बहुतेक जनावरांच्या खाद्यात जातात.”

पुतणी सांगावं की नको अशी घुटमळली. मग तिनं सांगितलं.

आत्याबाई काही वेळ चुलीकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, “म्हंजी खरंच हुतं म्हणायचं ते.” मग म्हणाल्या, “पर जगलो बाई त्याच्यावर. माझी धाकटी भावंडं त्याच्यावर जगली.” आणि त्या मुलीच्या ताटात भाकरी वाढली.

मला त्या रात्री झोप आली नाही. कोरियाचं वाचलं तेव्हा मला हीच रात्र आठवली. तिथं १९५० ते ५३ युद्ध झालं. लोक उपाशी होते. अमेरिकन फौजेच्या छावणीतून डबाबंद मांस, सॉसेज बाहेर यायचं, ते लोकांनी आपल्या तिखट कालवणात घातलं. आज ‘छावणीचं कालवण’ म्हणून तो पदार्थ तिथं आवडीनं खातात, आणि त्या डबाबंद मांसाच्या पेट्या सणाला भेट म्हणून देतात. उपासमारीत आलेलं परक्याचं अन्न त्यांनी सणात नेलं, आपण मिलोचं नावही घेत नाही. तिकडच्या आया आणि आपल्या आया, दोघींचंही बरोबरच. पण माझ्या पुतणीला मिलो ठाऊक नव्हती याचं मला वाईट वाटलं. तिला अमेरिकेचा पिझ्झा माहीत होता, पण आजीनं काय खाऊन घर तगवलं ते माहीत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, मग अमेरिकन लोक बर्गर खातच नाहीत की काय? खातात. तिथल्या सरकारी पाहणीत २०१३ ते २०१६ या काळात असं दिसलं की कुठल्याही एका दिवशी शंभर मोठ्या माणसांतली साधारण ३७ माणसं असलं झटपट खाणं खातात. आणि मोठ्या माणसांत दहातल्या चौघांना लठ्ठपणा आहे. हे त्यांचं खरं दुखणं आहे. पण आळस हे त्याचं एकमेव कारण नाही. स्वस्त असतं, जवळ मिळतं, दोन-दोन कामं करून आलेल्या बाईला चुलीपुढं उभं राहायला वेळ नसतो. गरीब वस्त्यांमध्ये ताज्या भाजीचं दुकान लांब असतं. आपल्या गावातही बघा, दुकानात पाच रुपयांचं पाकीट हाताशी टांगलेलं असतं आणि शेंगदाण्याचा लाडू कुठंच नसतो. पोर पाकिटालाच हात घालणार.

पण शंभरातली ३७ खातात, म्हणजे त्या दिवशी ६३ जणांनी ते खाल्लेलं नसतं. ते दुसरं काहीतरी जेवलेले असतात. ते जगाला दिसत नाही, कारण त्याची जाहिरात नाही, पाटी नाही. आजीच्या बिडाच्या तव्याची शाखा कोणी परदेशात काढत नाही.

मैत्रिणींनो, आमच्या प्रदर्शनाचं सांगून थांबते. आम्ही पिझ्झा रद्द केला. त्याचा हिशोब सातशे रुपयांतच कळला होता. स्वीट कॉर्न ठेवलं, कारण तो मका आमच्याच गटातल्या एकीच्या रानातला होता. आणि शेजारी माडगं आणि शेंगोळी ठेवली.

पहिल्या दिवशी कॉर्न दुपारपर्यंत संपलं. माडग्याचं पातेलं निम्मं परत आलं. पुतणी काही बोलली नाही, पण तिच्या तोंडावर दिसत होतं. मग रात्री आमच्या लक्षात आलं की आम्ही नुसतं ‘पारंपरिक पेय’ असं लिहिलं होतं. त्यातून कोणाला काय कळणार? दुसऱ्या दिवशी पुतणीनंच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हुलग्याचं माडगं. गरमागरम. माणदेशात थंडीत हेच पितात. हुलगा आमच्या रानातला. वाटी १५ रुपये.’ आणि आत्याबाईंना मागं न बसवता पुढं बसवलं. येणारे लोक त्यांना विचारायचे, त्या सांगायच्या, कसं करतात, कधी पितात. त्या दिवशी पातेलं रिकामं झालं, तिसऱ्या दिवशी दोनदा करावं लागलं. तरी सांगते, एकूण विक्री कॉर्नचीच जास्त झाली. कर्ज फिटलं, खर्च निघाला आणि दहाजणींना प्रत्येकी दोनशे ऐंशी रुपये आले. फार नाहीत. पण पुढच्या वर्षी माडगं ठेवायचं का, यावर आता वाद होत नाही.

तुम्हाला एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं आपल्या घरात होणारा, पण बाजारात न मिळणारा एक पदार्थ सांगायचा. सुरुवात सगळ्यांत वयस्कर बाईनं करायची. वहीत लिहून घ्या, कसा करतात तेही लिहा. आणि ज्यांनी बाहत्तरचा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना मिलोबद्दल नक्की विचारा. नातवंडांना शेजारी बसवून विचारा.

आमच्या वहीत एका पानावर जॉर्जियाच्या आजीचा चवळीभात लिहिलेला आहे. पाहुणीनं जाताना पुतणीला सांगितला होता. यंदा एक जानेवारीला आम्ही तो करून बघणार आहोत. जमला तर पुढच्या वेळी सांगेन, करपला तरी सांगेन.

येते. राम राम.